ऑपरेशन फुकट झालं, गोळ्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत निवृत्तीच्या तयारीवर पानभर मजकूर आला होता. साठीला पोचताना नवरा-बायकोने दीड कोटी रुपये हाताशी ठेवावेत, असा त्याचा एकूण मथितार्थ. दीड कोटी वाचल्यावर मी चष्मा काढून पुसला आणि शून्यं परत मोजली.

जळगावातल्या एका दाळ मिलमध्ये मी 34 वर्षं दिवाणजी होतो. 1978 साली 250 रुपयांवर लागलो, 2012 साली 14,000 वर निवृत्त झालो. जुन्या डायऱ्या अजून जपून ठेवल्यात (खोड जात नाही). त्या रात्री त्या काढल्या आणि पहिल्या पगारापासून शेवटच्या पगारापर्यंत बेरीज मारली. 15 लाख 30 हजारांच्या आसपास आली. म्हणजे चौतीस वर्षं आम्ही हवा खाऊन राहिलो असतो, पोरांना शाळेत घातलं नसतं, मुलीचं लग्न लावलं नसतं, तरी आपल्या लेखकाने सांगितलेल्या आकड्याचा दहावा हिस्सा जमला असता.

लेखकाचा हिशेब चुकला असं मी म्हणत नाही. त्याने डोळ्यांपुढे धरलेला माणूस वेगळा असणार. पण आपला पेपर आमच्या एमआयडीसीत चटईच्या मशीनवर उभा राहणारा वाचतो, पाइपच्या कारखान्यातला वाचतो, रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारासुद्धा टपरीवर वाचतो. त्यांच्यासाठी कोणीतरी खालच्या पट्टीतला हिशेब मांडायला हवा. दुसऱ्याच्या वहीत डोकावण्यापेक्षा माझीच वही उघडतो.

आधी जमेची बाजू. आमच्या मिलला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला 1996 साली. त्या फंडाची पेन्शन ठरते ती पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70, या सूत्राने. माझा पगार 14,000 होता, पण पेन्शनसाठी पगार धरायची मर्यादा तेव्हा होती 6,500. म्हणून 6,500 गुणिले 16 भागिले 70, उत्तर 1,486. ही मर्यादा 15,000 झाली ती 1 सप्टेंबर 2014 पासून, म्हणजे मी सुटल्यावर दोन वर्षांनी. त्याच वेळी किमान पेन्शन 1,000 रुपये केली, पण मी त्याच्या वर असल्याने तोही लाभ नाही. या पेन्शनीला महागाई भत्ता जोडलेला नसतो. 2012 साली 1,486, आजही 1,486. दाळीच्या धंद्यातला माणूस म्हणून दाळीत सांगतो: तेव्हा त्यात चांगली तूरदाळ 20 किलोच्या पुढे यायची, आता 12-13 किलोवर काटा थांबतो.

ग्रॅच्युइटी मिळाली 2,74,615. आमचे शेठजी त्या बाबतीत सरळ माणूस, कायद्याचं गणित मीच करून दिलं आणि त्यांनी एका चेकने दिली. फंडाचे साधारण 2 लाख 60 हजार. पिंप्राळ्यात 1989 साली 18,000 ला घेऊन ठेवलेला एक प्लॉट होता, तो 2023 साली विकला. निवृत्तीनंतरही मी आठ वर्षं अर्धवेळ वह्या लिहायला जात होतो, करोनात ते बंद झालं. तोवर ठेवींना हात लावायची वेळ आली नाही. सगळं मिळून 12 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. त्या एप्रिलपासून योजनेची मर्यादा 15 वरून 30 लाखांवर गेली होती. ती काही आम्हाला अडत नव्हती. व्याज 8.2 टक्के, तीन महिन्यांनी 24,600 खात्यात येतात, म्हणजे महिन्याचे 8,200. त्यात पेन्शन मिळवली की महिन्याची जमा 9,686. मुलगा चाकणला नोकरीला आहे, तो सणावाराला पाठवतो, पण ते मी जमेत धरत नाही. त्याच्या घराचे हप्ते मला माहीत आहेत.

हे पैसे पोस्टातच का, तर एकदा भाजलं म्हणून. 2006 साली मिलच्या दरवाजाशी रोज संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा, यायचा. ओळखीचा, हसतमुख, सायकलच्या हँडलला रेक्झिनची पिशवी. बँकेपेक्षा दीड टक्का जास्त म्हणून आम्ही दिवाणजी, हमाल, वॉचमन सगळ्यांनी त्याच्या पतसंस्थेत खाती काढली. माझे 1 लाख 10 हजार झाले तेव्हा संस्थेच्या शटरला कुलूप लागलं. पुढची काही वर्षं अर्ज, मोर्चा, ठेवीदारांच्या बैठका. शेवटी 23,000 हातात आले, तेही तीन तुकड्यांत. तेव्हा एक गोष्ट कळली, जी मी 28 वर्षं वह्या लिहूनही विचारली नव्हती: बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बँकेचा हा विमा 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांचा आहे, त्यात नागरी सहकारी बँकाही येतात. पतसंस्था आजही त्यात नाहीत. जळगाव जिल्ह्यात हे ज्याला ठाऊक नाही असं घर सापडणं अवघड, पण दीड टक्का ऐकला की माणूस परत विसरतो. आमच्याच गल्लीत विसरलेत.

आता नावेची बाजू. गेल्या वर्षी, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर 2025, आम्हा दोघांच्या आजारपणाचं मी वेगळं खातं लिहिलं. मला 2021 साली एक स्टेंट बसला आहे. हिला साखर आणि बीपी, दोन्ही पंधरा वर्षांपासून. वर्षात गोळ्या-औषधांना 31,860 लागले. डॉक्टरांच्या फीचे 6,400. रक्त, ईसीजी, इको अशा तपासण्यांचे 7,950. रिक्षा आणि एसटीचे 4,870. माझ्या दातांच्या कवळीला 14,000. हिच्या चष्म्याला 2,400. एकूण 67,480. बाराने भागलं की महिन्याला 5,623.

9,686 मधून 5,623 गेले, उरले 4,063. त्यात वीजबिल, गॅस, दूध, किराणा, भाचीच्या लग्नाचा आहेर.

आणि संपादकसाहेब, या 67,480 मध्ये दवाखान्यात मुक्कामाची एकही रात्र नाही. सगळं वर्ष आम्ही दोघं, लोकांच्या भाषेत, ठणठणीत होतो.

हे पत्र लिहायला बसलो ते एवढ्या एका गोष्टीसाठी. म्हातारपणाचा दवाखान्याचा खर्च म्हटलं की लोक ऑपरेशन धरतात. लेखातही बायपास, गुडघा, कॅन्सर, अशाच खर्चांची उदाहरणं होती. त्या मोठ्या खर्चाची सोय आपल्या राज्यात बऱ्यापैकी झालेली आहे, हे मी स्वतःच्या छातीवरून सांगतो. 2021 साली छातीत जळजळ होते म्हणून मी दोन दिवस ओवा खात बसलो होतो. तिसऱ्या दिवशी मुलाच्या मित्राने उचलून नेलं. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव चढलं, स्टेंट बसला, चौथ्या दिवशी घरी. बिलाच्या खाली शून्य. नोंदणीआधीच्या तपासण्यांचे 2,900 तेवढे गेले. ही योजना आधी राजीव गांधींच्या नावाने 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात खान्देशातला धुळे जिल्हा पहिल्या तुकडीत होता. तेव्हा दीड लाखांपर्यंत होती, आता 5 लाखांपर्यंत आहे आणि रेशनकार्डाचा रंगही आड येत नाही. केंद्राची आयुष्मान भारत आहेच. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. मी 71 चा, मला मिळालं. ही 66 ची, हिला अजून चार वर्षं थांबायचंय, पण फुले योजनेत ती आहे.

पण या साऱ्या योजनांचा दरवाजा दवाखान्यात भरती झाल्यावर उघडतो. स्टेंट फुकट बसला, पण तो बंद पडू नये म्हणून ज्या गोळ्या सांगितल्या त्या माझ्या खिशातून. रक्त पातळ करायची एक, कोलेस्टेरॉलची एक, ठोक्यांची एक, पोट सांभाळायची एक. साखरेच्या माणसाचं तर काय सांगू? ज्या गोळ्या वेळेवर घेतल्या की डायलिसिसची वेळ लांबते, त्या गोळ्या स्वतःच्या पैशाने. डायलिसिसची वेळ आली की मग योजना आहे. हा कसला हिशेब, मला कळत नाही. मिलमध्ये मी असा व्यवहार लिहिला असता तर शेठजींनी वही फेकली असती.

माझ्या थोरल्या भावाचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. तो गावी, पारोळा तालुक्यात, शेती करायचा. डिसेंबर 2024 मध्ये त्याला पहाटे लकवा मारला, डावी बाजू गेली. खरं वय 76, पण आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी 1957. आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं 1 जानेवारीला जन्मलेली आहेत, कारण आधारवाल्याने विचारलं तेव्हा कोणाकडेच दाखला नव्हता. कागदोपत्री मी त्याचा मोठा भाऊ. त्यामुळे सत्तरीचं कार्ड त्याला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. फुले योजनेत तरी पटकन नोंद व्हावी, तर रेशनकार्डावर त्याचं नाव वेगळं आणि आधारवर त्याला ‘भाऊ’ लावलेलं. पुतण्या दीड दिवस त्या एका शब्दासाठी तहसील ते दवाखाना असा पळत होता. शेवटी योजनेच्या कामासाठी दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राने मार्ग काढला. नऊ दिवस भरती, बिल शून्य. तिथवर तक्रार नाही.

दहाव्या दिवशी रुग्णवाहिकेतून घरी आणला आणि खाटेवर ठेवला, तिथून खरा खर्च सुरू झाला. केंद्राच्या योजनेत घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस धरलेले असतात. तो आठ महिने जगला. दिवसभर बघायला गावातल्याच एक मावशी ठेवल्या, रोज 400 प्रमाणे महिन्याला 12,000. डायपर दिवसाला तीन, एक 40 चा, महिन्याला 3,600. व्यायाम करून घ्यायला पारोळ्याहून मुलगा मोटारसायकलवर यायचा, एका खेपेचे 300, महिन्यात बारा खेपा, 3,600. औषधं 2,800. झाले 22,000 महिन्याचे. आठ महिन्यांचे 1 लाख 76 हजार. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी 4,500 ची, डोकं वर करता येणारी खाट 9,000 ची. एकूण 1,89,500. शेतकऱ्याच्या घरात एवढे पैसे रोख कुठून येणार? गावालगतचं खळं विकलं.

ती गादी मला विसरता येत नाही. तिची मोटर रात्रभर गुं-गुं करायची. दिवसाआड लोडशेडिंग. वीज गेली की गादीतली हवा हळूहळू बसायची आणि भाऊ उजव्या हाताने खाटेची पट्टी वाजवायचा. बोलता येत नव्हतं. मग वहिनी उठून त्याला कुशीवर वळवायच्या, त्यांचं वय 70. एकदा मी मुक्कामी होतो, रात्री दोनच्या सुमाराला आम्ही दोघांनी मिळून वळवलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आते मरानंबी महाग व्हई गयं.”

भावाने खातेफोड आधीच करून जमीन मुलाच्या नावे केली होती. पुतण्या गुणी निघाला, खळं विकताना एक शब्द बोलला नाही. सगळ्यांच्या नशिबी तसा नसतो. ज्यांना हयातीतच जमीन किंवा घर पोरांच्या नावे करायचं आहे, त्यांनी बक्षीसपत्रात सांभाळण्याची आणि औषधपाण्याची अट शब्दांत लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, अट लिहिली असेल आणि ती पाळली नाही तर तो दस्त रद्द करून मागता येतो. प्रांतसाहेबांकडे दाद लागते. लिहिणाऱ्याला लाज वाटते, पोरांवर अविश्वास दाखवला असं वाटतं. पण दाळीचा सौदा करतानासुद्धा आम्ही चिठ्ठी लिहायचो, सख्ख्या भावाबरोबर असला तरी.

विम्याबद्दल थोडं. मुलाच्या कंपनीचा समूह विमा होता, त्यात आम्ही दोघं होतो. म्हणून मी स्वतःचा कधी काढला नाही, ही माझी चूक. 2022 साली त्याने कंपनी बदलली आणि आमचा विमा जुन्या कंपनीतच राहिला. 2024 साली एजंटला बोलावलं. तोवर एक चांगली गोष्ट झाली होती, कंपन्यांनी सगळ्या वयांसाठी पॉलिसी ठेवाव्यात असा नियम त्या एप्रिलमध्ये आला होता. आधीच्या आजारांसाठी थांबायची मुदतही जास्तीत जास्त चारवरून तीन वर्षांवर आली होती. दोघांचा हप्ता निघाला 58,000. शिवाय प्रत्येक बिलात 20 टक्के आमचे. तीन वर्षं हिची साखर आणि माझं हृदय धरणार नाहीत. मग उरलं काय, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, काका, अपघात आहे की. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. तो वजा करून तोच हप्ता 49,150 च्या घरात येतो. माझी पाच महिन्यांची सगळी जमा. विमा नियामकाने 30 जानेवारी 2025 ला कंपन्यांना बजावलं की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. बरं झालं, पण दरवर्षी दहा टक्के म्हटले तरी सव्वासात वर्षांत रक्कम दुप्पट होते, हे सांगायला दिवाणजी लागत नाही.

तेव्हा आज जे चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत त्यांना माझं सांगणं, कंपनीचा असला तरी स्वतःचा लहानसा का होईना विमा आताच काढा, साखर रिपोर्टात दिसायच्या आधी. आणि फॉर्मवर तंबाखू खाता का म्हणून विचारलं असेल तर खरं लिहा. सलग 60 महिने हप्ते भरले की काही लपवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण त्या पाच वर्षांत आडवं आलं तर घरचे रडतात आणि विमावाले फॉर्म दाखवतात.

पुरवणीत करसवलतीचा एक रकाना होता. साठीपुढच्यांचा विमा नसेल तर औषधोपचाराच्या 50,000 पर्यंतच्या खर्चाची वजावट, जुनी करपद्धत घेतली तर. मी हसलो. वर्षाची जमा 1 लाख 16 हजार, त्यावर कर बसतच नाही, मग वजावट कशातून करू? ज्याला 50,000 ची वजावट कामाची, त्याला विमाही परवडतो.

औषधांचा खर्च मी कसा कमी केला ते सांगतो, कारण याचा कोणालाही उपयोग होईल. 2023 साली आमच्या गोळ्या 43,000 वर गेल्या होत्या. मग डॉक्टरांना सरळ म्हणालो, साहेब, कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव लिहून द्या. ते जरा नाराज झाले पण दिलं. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेच्या स्वस्त औषधांच्या दुकानात, गेलो. माझ्या चारही गोळ्या, पूर्वी महिन्याला 1,740 लागायचे, तिथे 520 मध्ये बसल्या. हिच्या एका गोळीचा तिथे वांधा होतो, कधी असते, कधी नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून 31,860 च्या खाली आलो नाही. शेजारचे एक रिटायर्ड मास्तर म्हणतात, स्वस्त गोळीत दम नसतो. मी दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो आणि आकडे वहीत लिहितो. जुन्या आणि नव्या गोळ्यांचे आकडे शेजारी शेजारी आहेत. त्यांना दाखवले. आता ते स्वतःची चिठ्ठी घेऊन जातात, पण मला सांगत नाहीत.

सरकारी दवाखान्याचाही अनुभव घेतला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. बीपी-साखरेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, माझ्या वहिनी तिथूनच घेतात. अडचण अशी की एका वेळी पंधरा दिवसांच्या मिळतात, कधी दहाच्या. गोळ्या फुकट, पण त्यासाठी महिन्यात दोन वेळा एसटी, अर्ध्या तिकिटात का असेना, आणि अर्धा दिवस रांग. निंदणीचा रोज बुडतो. मग बाया काय करतात, एक दिवसाआड गोळी खातात. पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरवतात. हे मला वहिनींनी अगदी सहज सांगितलं, जणू काटकसरीची युक्ती सांगत होत्या.

म्हणून मागणं मोठं नाही. बीपी, साखर आणि हृदयाच्या कायमच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून एका वेळी तीन महिन्यांच्या द्याव्यात. तब्येत स्थिर असलेल्या माणसाला दर पंधरवड्याला बोलावून कोणाचं भलं होतं? आणि 5 लाखांचं जे कार्ड आहे त्यातले वर्षाला 12,000, म्हणजे महिन्याचे हजार, बाहेरच्या गोळ्यांसाठी आणि तपासण्यांसाठी वापरू द्यावेत, तेही हवं तर फक्त जनऔषधी केंद्रात. बरेच म्हातारे त्या 5 लाखांना आयुष्यात हात लावत नाहीत. तिसरी गोष्ट पेन्शनची. त्यासाठी आमचे लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर बसताहेत, किमान 7,500 आणि महागाई भत्ता मागताहेत. त्याबद्दल आपल्याच अंकात येऊन गेलं आहे, मी परत लिहीत नाही.

आपल्या पेपरकडेही एक मागणं आहे. पुरवणीत दीड कोटींचे लेख जरूर छापा, कोणाला तरी लागत असतील. पण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आवृत्तीत आठवड्यातून एक छोटी चौकट द्या. तालुक्यात योजनेतले दवाखाने कोणते, तिथे आरोग्यमित्र किती वाजता बसतो, जनऔषधी केंद्र कोणत्या गल्लीत, रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळवून घ्यायला कुठे जायचं. हिच्या रेशनकार्डावर नुसतं नाव आहे आणि आधारवर पुढे ‘बाई’. भावाचा घोळ पाहिल्यावर पहिलं काम मी ते दुरुस्त करायला टाकलं. तीन खेपा झाल्या, अजून व्हायचंय. तेव्हा ज्यांच्या घरी साठीपुढचं माणूस आहे त्यांनी हे पत्र बाजूला ठेवून आधी दोन्ही कार्डं शेजारी धरून अक्षरं जुळतात का ते बघावं. आजारपणात ते सुचत नाही.

पेन्शन चालू राहायला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचंही लिहिणार होतो. आमच्या मिलमधल्या हमालांचे अंगठे बारदान उचलून उचलून असे घासलेत की मशीनवर उमटत नाहीत. दोघांना तर मशीनने जिवंत धरायलाच नकार दिला. आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं, ते मी चार जणांना माझ्या मुलाच्या जुन्या फोनवर करून दिलं. पण पत्र आधीच लांबलं आहे.

माझं वेगळं खातं यंदाही चालू आहे. पोस्टात महिन्याला 1,500 चं एक रिकरिंग काढलंय, त्यावर पेन्सिलीने ‘खाट’ असं लिहिलंय. दोघांपैकी जो आधी पडेल त्याची ती गादी, खाट आणि मावशी. आठ महिने धरले तर भावाच्या हिशेबाने 1,89,500 लागतील, तेवढे जमायला साडेदहा वर्षं जातात, व्याज धरलं तर कमी. उरलेल्या 4,063 मधूनच हे काढतो, त्यामुळे दूध अर्धा लिटरवर आणलंय.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त दिवाणजी
पिंप्राळा, जळगाव

(नाव छापू नये ही विनंती. मुलगा आपला पेपर मोबाइलवर वाचतो, दुधाचं त्याला माहीत नाही.)

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र हिला वाचून दाखवलं. बाकी सगळं मान्य आहे म्हणाली, फक्त 14,000 च्या कवळीपाशी थांबवलं. “ती डबीमाच राहस, ते लिखं का?” लिहिलं.